पगाराच्या पोटातली शांतता

महिनाअखेरीस मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो आणि घरात एकच वाक्य म्हटलं जातं, 'पगार झाला.' मग ऑफिसच्या मेलमध्ये 'पे-स्लिप' येते. 'पगाराची पे-स्लिप' असं आपण इतक्या सहज बोलून जातो, की त्यातला 'पगार' आणि त्यातला 'पे' हे मुळात एकच शब्द आहेत हे मनातही येत नाही. एक पोर्तुगीजांच्या जहाजातून कोकणच्या किनाऱ्याला उतरला, दुसरा इंग्रजांच्या कचेरीतून आला. दोघांचा मूळ शब्द लॅटिन आहे, आणि त्याचा पैशांशी काडीचा संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता 'शांत करणे'.

ही गोष्ट नीट कळायला सोयीचं पडतं ते पोर्तुगीजच्या बहिणीचं, म्हणजे स्पॅनिश भाषेतलं 'पागार' हे क्रियापद. अर्थ 'पैसे देणे, चुकते करणे'. पोर्तुगीजमध्ये हेच क्रियापद अगदी याच स्पेलिंगने आहे. फरक उच्चाराचा. स्पॅनिश माणूस पहिला स्वर मोकळा 'आ' करतो, तर पोर्तुगीज माणसाच्या तोंडी तो आखूड होऊन आपल्या 'अ'च्या जवळ येतो. म्हणून आपल्याकडे 'पागार' न येता 'पगार' आला. दोन्ही भाषा लॅटिनच्या मुली असल्यामुळे एकीच्या शब्दाची कुंडली मांडली की दुसरीची आपोआप मांडली जाते.

लॅटिनमध्ये हे क्रियापद होतं 'पाकारे'. ते बनलं 'पाक्स' या नामापासून. 'पाक्स'चं भाषांतर पुस्तकांत 'शांती' असं करतात, पण मला त्याला जवळचा मराठी शब्द 'तह' वाटतो. शांती मनाची असते, एकट्याचीही असू शकते. 'पाक्स'ला मात्र दोन पक्ष लागतात. भांडणारे दोघे समोरासमोर बसले, काहीतरी ठरलं, ते पक्कं झालं, की त्या ठरलेल्या अवस्थेला 'पाक्स' म्हणायचं. रोमन लोकांच्या हातात या शब्दाला धारही होती. ज्युलियस सीझर आपल्या गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मोहिमेची हकिगत लिहिताना इ.स.पू. 57च्या लढायांनंतर 'सगळं गॉल शांत केल्यावर' अशा अर्थाचे शब्द वापरतो. तिथे 'पाकारे'चं रूप आहे, आणि त्याचा खरा अर्थ 'जिंकून गप्प बसवलं' असा आहे. रोममध्ये सम्राट ऑगस्टसच्या काळात या 'पाक्स'ची वेदी उभी राहिली, इ.स.पू. 9 साली तिचं लोकार्पण झालं, आणि ती आजही पाहायला मिळते.

मग 'शांत करणे'चं 'पैसे देणे' कसं झालं?

इथे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये, कारण आपली भाषा हाच विचार वेगवेगळ्या शब्दांत करत आली आहे. घेणेकरी दारात उभा आहे. तो चिडलेला आहे, आवाज चढलेला आहे, शेजारी खिडकीतून बघताहेत. त्याला शांत करण्याचा खात्रीचा उपाय एकच, त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवणं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'पाकारे' हे क्रियापद या प्रसंगासाठी वापरलं जाऊ लागलं: घेणेकऱ्याला शांत करणे, त्याचं समाधान करणे. हळूहळू माणसाला शांत करण्याचा भाग मागे पडला आणि पैसे देण्याचा भाग उरला. आता मराठीत बघा. आपण तहान 'भागवतो' आणि देणीही 'भागवतो'. भांडण 'मिटवतो' आणि हिशेबही 'मिटवतो'. कर्ज तर आपण 'फेडतो', म्हणजे सोडवतो, जसं अंगावरचं वस्त्र फेडतात. कोकणीत पैसे चुकते करण्याला 'फारीक करप' म्हणतात. त्यातला 'फारीक' अरबीतून आलेला, अर्थ 'मोकळा'. आणि 'करार' या शब्दाकडे तर मी थांबूनच बघतो. अरबी मुळात त्याचा अर्थ 'स्थिरता, स्वस्थता'. हिंदी गाण्यांतला 'बेकरार' म्हणजे स्वस्थता हरवलेला. मराठीत आपण मात्र 'करार' म्हणतो तो दोन पक्षांत ठरलेल्या गोष्टीला. 'ठरणे' आणि 'शांत होणे' या दोन कल्पना लॅटिनमध्ये 'पाक्स'भोवती जशा एकत्र नांदल्या, तशाच त्या 'करार'मध्येही नांदताहेत. एकाने दुसऱ्याचं पाहून केलेलं हे नाही. देणंघेणं आणि बेचैनी यांचं नातं माणसांना सगळीकडे सारखंच जाणवलं असावं.

इंग्रजीतही याचा आणखी एक पुरावा आहे. हिशेब फिटला, कोणी कोणाचं देणं लागत नाही, याला इंग्रजीत 'क्विट्स' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'क्विएतुस'वरून आला, आणि त्याच 'क्विएतुस'वरून 'क्वाएट', म्हणजे शांत, हा शब्दही आला.

आता उच्चाराकडे वळू, कारण शब्दांची नाती अर्थाच्या साम्यावर सिद्ध होत नाहीत, ध्वनींच्या नियमांवर होतात. 'पाकारे'चं 'पागार' होताना 'क'चा 'ग' झाला. हा योगायोग नव्हे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला लॅटिन 'क' स्पॅनिशमध्ये 'ग' होतो, हा नियमच आहे. 'आमिकुस'चं 'आमिगो', म्हणजे मित्र. 'लाकुस'चं 'लागो', म्हणजे तळं. 'सेकुरुस'चं 'सेगुरो', म्हणजे सुरक्षित. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं, कारण संस्कृतातून मराठीकडे येताना हेच घडलं आहे: 'मकर'चा 'मगर' झाला, 'बक'चा 'बगळा' झाला, आणि 'प्रकट'बरोबर 'प्रगट' आजही चालतो. स्वर उच्चारताना घशात कंपन चालू असतं. मध्ये 'क' आला की ते क्षणभर थांबवावं लागतं आणि लगेच पुन्हा सुरू करावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या बोलताना जीभ ती मेहनत वाचवते, कंपन चालूच ठेवते, आणि कंपनासकट म्हटलेला 'क' म्हणजेच 'ग'. स्पेनमध्ये काय आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी काय, तोंड तेच.

पण मग 'पाक्स'चं काय झालं? त्याचं विभक्तीतलं रूप 'पाकेम'. त्यावरून स्पॅनिशमध्ये शांततेसाठी जो शब्द आला तो स्पेनच्या बऱ्याच भागात 'पाथ' असा ऐकू येतो, तर लॅटिन अमेरिकेत 'पास' असा. इथे 'क'चा 'ग' झाला नाही, कारण पुढचा स्वर 'ए' आहे. 'इ' आणि 'ए' म्हणताना जीभ पुढे सरकते आणि आधीच्या व्यंजनालाही पुढे ओढते. हे समजायला स्पॅनिश यायची गरज नाही. 'त्याचा' आणि 'त्याची' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. लिहिताना 'च' एकच, पण 'त्याचा'तला च दातांजवळचा आणि 'त्याची'तला च टाळूवरचा. पुढच्या 'ई'ने तो बदलला. लॅटिन 'क'च्या बाबतीत असाच ओढा खूप जोराने आणि खूप काळ चालला, आणि एकाच मुळाचे दोन शब्द एकमेकांना ओळखेनासे झाले. आज स्पॅनिश मुलाला 'पाथ' आणि 'पागार' यांचं नातं शाळेत सांगितलं तरच कळतं.

तरीही स्पॅनिशच्या रोजच्या बोलण्यात जुनी नाळ काही ठिकाणी शाबूत आहे. हिशेब फिटल्यावर दोन स्पॅनिश मित्र म्हणतात, 'एस्तामोस एन पाथ'. शब्दशः 'आपण शांततेत आहोत', अर्थ 'आता आपलं एकमेकांकडे काही येणं नाही'. स्वतःवर खूश असलेल्या माणसाला तिथे 'पागादो दे सी मिस्मो' म्हणतात. वरवर पाहता 'स्वतःकडून पैसे मिळालेला', पण इथे 'पागादो'चा जुना अर्थ जिवंत आहे: समाधान पावलेला. ज्याची हस्तलिखित प्रत 1207 साल सांगते त्या एल सिद या स्पॅनिश योद्ध्यावरच्या वीरकाव्यातही 'पागादो' हा 'संतुष्ट' या अर्थाने येतो.

आणि माझा सगळ्यांत आवडता नातेवाईक म्हणजे 'आपागार'. आज स्पेनमध्ये दिवा बंद करायला, टीव्ही बंद करायला, आग विझवायला हेच क्रियापद वापरतात. 'पागार'च्याच आधी 'आ' जोडून झालेलं, मूळ अर्थ 'शमवणे'. आपल्याकडे देवापुढचा दिवा 'विझला' म्हणत नाहीत, 'शांत झाला' म्हणतात. स्पॅनिश माणूस खोलीतला साधा बल्ब मालवतानाही नकळत तेच म्हणत असतो.

इंग्रजीत हे घराणं दोन वाटांनी शिरलं. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतरच्या काळात जुन्या फ्रेंच भाषेतून 'पे' आणि 'पीस' हे दोन शब्द आले. फ्रेंचांनी लॅटिन 'क' स्पॅनिशांपेक्षाही जास्त झिजवला होता. त्यांच्याकडे त्याचा 'ग'सुद्धा उरला नाही, नुसता 'य' राहिला, म्हणून इंग्रजी 'पे' इतका तोकडा दिसतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'पे'चा अर्थ पैसे देणं हा होताच, पण 'खूश करणे' हाही होता. पुढे तो गळून पडला. दुसरी वाट विद्वानांची. त्यांनी लॅटिन ग्रंथांतून सरळ शब्द उचलले: 'पॅसिफाय', 'पॅसिफिक'. मराठीच्या भाषेत सांगायचं तर 'पे' हा तद्भव आणि 'पॅसिफाय' हा तत्सम. हाताला 'हात' म्हणायचं आणि सहीला 'हस्ताक्षर', तसंच हे.

'पे' हा इंग्रजीचा स्वतःचा शब्द नाही, बाहेरून घेतलेला आहे, हे त्याच्या पहिल्या अक्षरावरूनही कळतं. जिथे लॅटिनमध्ये आणि संस्कृतात 'प' असतो, तिथे इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'फ' येतो. पिता आणि फादर, पाद आणि फूट. म्हणजे 'प'ने सुरू होणारा 'पे' हा पाहुणा. अशा नियमांमुळेच भाषेच्या अभ्यासकाला दिसण्यावरच्या साम्याला भुलून चालत नाही. स्पॅनिश 'मुचो' आणि इंग्रजी 'मच' दोन्हींचा अर्थ 'पुष्कळ', पण त्यांचं काही नातं नाही. स्पॅनिश 'दिआ' आणि इंग्रजी 'डे' यांचंही नाही. उलट 'पगार' आणि 'पीस' दिसायला परके, पण रक्ताचे.

'पॅसिफिक'चा उल्लेख आलाच आहे, तर मॅगेलनबद्दल दोन ओळी. तो जन्माने पोर्तुगीज. तरुणपणी पोर्तुगीज आरमारातून तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही आला होता. पुढे स्पेनच्या राजासाठी जहाजं घेऊन निघाला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची वादळी सामुद्रधुनी पार करून नोव्हेंबर 1520 मध्ये पलीकडच्या मोठ्या समुद्रात शिरला. समुद्र शांत होता, म्हणून त्याने त्याला तसंच नाव दिलं. आपण त्याचं 'प्रशांत' केलं, आणि फार छान केलं. बोलिव्हियातलं ला पाझ शहर 1548 मध्ये वसवलं गेलं. पेरूमधलं बंड मोडून पुन्हा शांतता आली, म्हणून ते नाव. पोर्तुगालमधलं बेजा हे गावही मुळात रोमनांचं 'पाक्स यूलिया'. अरबांच्या तोंडून जाताना ते इतकं बदललं, की त्यात पाक्स ओळखू येत नाही.

आणखी खोल गेलं, तर 'पाक्स'च्याही मागे एक धातू सापडतो: 'पाक्' किंवा 'पाग्', अर्थ 'घट्ट बसवणे, ठोकून पक्कं करणे'. खुंटी ठोकावी तसा तह ठोकला जातो, म्हणून 'पाक्स'. इंग्रजी 'पॅक्ट', म्हणजे करार, इथलाच. संस्कृतातला 'पाश' याच मुळाचा, असं अभ्यासक मानतात. आवळून धरतो तो पाश.

या धातूचा विस्तार एवढा आहे, की सगळा सांगायला बसलो तर पगाराचा विषय राहून जाईल. पण तीन शब्द सोडवत नाहीत. पहिला 'पागुस'. हद्दीच्या खुंट्या ठोकून आखलेला मुलूख, खेड्यापाड्यांचा भाग. त्यावरून स्पॅनिशमध्ये देशाला 'पाईस' म्हणतात, इंग्रजीत शेतकऱ्याला 'पेझंट' म्हणतात, आणि 'पेगन' हा शब्दही मुळात नुसता 'खेडवळ' असा होता. दुसरा 'प्रोपागारे'. द्राक्षाची वेल वाकवून तिची फांदी मातीत दाबून बसवायची, तिला मुळं फुटली की वेगळी करायची, म्हणजे आपलं दाबकलम. हा बागाईतदाराचा शब्द 1622 मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या मंडळाच्या लॅटिन नावात गेला, आणि तिथून आज वर्तमानपत्रांत 'प्रोपगंडा' म्हणून वावरतो.

तिसरा शब्द मात्र चटका लावतो. जमिनीत ठोकलेला खांब म्हणजे लॅटिन 'पालुस'. तीन खांबांचं 'त्रिपालियुम' हे माणसाला बांधून छळण्याचं साधन होतं. 6व्या शतकाच्या सुमारास गॉलमध्ये भरलेल्या एका धर्मसभेने, जिथे आरोपींना त्यावर छळलं जातं तिथे धर्मगुरूंनी उभं राहू नये, असा नियम केला. त्या साधनाच्या नावावरून 'छळणे', मग 'कष्ट', आणि शेवटी नुसतं 'काम' असा अर्थ सरकत गेला, ही आज सर्वसाधारणपणे मान्य असलेली व्युत्पत्ती. स्पॅनिशमध्ये कामाला 'त्राबाखो' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'त्राबाल्यु', फ्रेंचमध्ये 'त्रावाय'. इंग्रजांनी हाच शब्द प्रवासासाठी घेतला: 'ट्रॅव्हल'. त्या काळच्या वाटा आठवल्या तर नवल वाटत नाही. म्हणजे स्पॅनिश माणसाचं काम आणि त्या कामाचे मिळणारे पैसे हे दोन्ही शब्द एकाच ठोकलेल्या खुंटीपाशी जाऊन पोचतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. पुढे चौल, वसई, मुंबई इथे त्यांची ठाणी आणि किल्ले झाले. वसई 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली, पण तोवर दोनशे वर्षं उलटली होती. या काळात किल्ल्यावरचे शिपाई, गोदीतले खलाशी, घरकाम करणारे, स्वयंपाकी अशा माणसांचा पोर्तुगीजांशी रोजचा संबंध आला. शब्द आले ते याच माणसांच्या तोंडून, कुठल्या कोशातून नव्हे. म्हणून त्यातले बरेचसे हाताळायच्या वस्तूंचे आहेत: चावी, पाव, घमेलं, फीत. यातली चावीही लॅटिनच. तिथे ती 'क्लाविस', स्पॅनिशमध्ये 'याव्हे', पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह', आणि इंग्रजीत गळ्याजवळच्या हाडाचं नाव 'क्लॅव्हिकल', म्हणजे छोटी चावी.

मराठीला पैसे मिळण्यासाठी शब्द नव्हता असं मुळीच नाही. वेतन होतं, मजुरी होती, फारसी-अरबीतून आलेले तनखा आणि मुशाहिरा होते. मुशाहिरा तर 'महिना' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला. खेड्यात बलुतं होतं. पण वेतन हा पोथीतला शब्द आणि मुशाहिरा दरबारातला. गोदीतल्या माणसाला आपला शब्द हवा होता, आणि त्याने मालकाच्या तोंडून जो ऐकला तो घेतला. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद. मराठीने त्याचं सरळ नाम केलं. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे. देण्याची क्रिया मालकाची, आपल्या हातात येते ती वस्तू. आणि एकदा नाम झाल्यावर मराठीने त्याला आपल्या व्याकरणात पूर्ण वाढवलं: पगारी रजा, पगारवाढ, पगारदार, अर्धपगारी, आणि 'बिनपगारी फुल अधिकारी'. गुजरातीतही तो गेला, मुंबईच्या हिंदीतही रुळला. सरकारी कागदावर आजही 'वेतन आयोग' लिहितात, पण चहाच्या टपरीवर विचारतात ते 'पगार किती वाढणार?' हेच.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय आवडतं सांगू? आपण हा शब्द उसना घेतला तेव्हा त्याच्या पोटातला 'शांत करणे' हा अर्थ पोर्तुगीजांनाही आठवत नव्हता, मग गोदीतल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पण महाराष्ट्रातल्या घराघरांत महिन्याच्या वीस-बावीस तारखेला जे वाक्य ऐकू येतं, त्यात या परदेशी शब्दाशेजारी मराठीने आपलं घरचं क्रियापद आणून बसवलं आहे, जे तहानेला लागतं, भुकेला लागतं आणि देण्यालाही लागतं: 'एवढ्या पगारात भागत नाही.'